कोऱ्हाळ्यातला अर्धा र : संकेतस्थळांची दुरुस्ती आणि प्रमाणांचा इतिहास



आजचा विषय वरवर पाहिला तर तंत्रज्ञांचा आहे. संकेतस्थळ बिघडलं तर दोष कसा शोधायचा आणि संकेतस्थळ लिहिताना ठरलेली प्रमाणं का पाळायची, हा तो विषय. आम्ही अभियंते नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली. म्हणून हा विषय आम्ही इतिहासाच्या अंगानं मांडणार आहोत, आणि उदाहरण लांबून आणणार नाही. बारामती तालुक्यातलं कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव घेऊ.

नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातलं हे गाव. नावातला 'बुद्रुक' फारसी 'बुजुर्ग'वरून आला, म्हणजे थोरलं. शेजारचं धाकटं ते खुर्द. या दोन शब्दांनी संगणकाला कधी त्रास दिला नाही. त्रास आहे तो 'कोऱ्हाळे'मधल्या जोडाक्षराचा, 'ऱ्ह'चा. या एका जोडाक्षरात मराठी संगणकीय लेखनाचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास साठला आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आधी अक्षर समजून घेऊ. मराठीत 'र' पुढच्या व्यंजनाला दोन तऱ्हांनी जोडला जातो. 'सूर्य', 'धर्म' यांत तो रफार होऊन डोक्यावर बसतो. 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'कुऱ्हाड' यांत तो आडव्या वळणदार रेघेसारखा अक्षराच्या डावीकडे लागतो. हा केवळ सुलेखनातला फरक नाही. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात गुरुजन येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. उच्चारातला आघात वेगळा, म्हणून लेखन वेगळं. कोंकणी आणि नेपाळीतही हा र आहे, हिंदीच्या प्रमाण लेखनात त्याची गरज पडत नाही. देवनागरीची यंत्रं बनवताना हिंदी डोळ्यांसमोर असली, की हा र राहून जाण्याची शक्यता मोठी.

आणि हा भाग तर अशा नावांचाच आहे. बारामती शहरातून वाहते ती कऱ्हा. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या नावात आहे ती हीच नदी. पुढे कऱ्हाड आहे, वऱ्हाड आहे, 'ऱ्हस्व' आणि 'ऱ्हास' आहेत. तेव्हा प्रश्न एका गावापुरता नाही.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न सोपा होता. छापखान्यात या रेघेचा वेगळा खिळा असे, कंपॉझिटर तो उचलून लावी. खिळ्यांची संख्या मात्र डोकेदुखी होती. देवनागरीची जोडाक्षरं इतकी, की एकेका छापखान्याला शेकडो खिळे बाळगावे लागत. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी ही संख्या कमी करण्यात स्वतः लक्ष घातलं होतं. त्या काळातला दोष डोळ्याला दिसत असे. चुकीचा खिळा लागला तर चुकीचं अक्षर छापलं जाई, मुद्रितशोधक खूण करी, की झालं. डोळ्याला जे दिसतं तेच कागदावर असतं, हा त्या जगाचा नियम होता.

संगणकानं हा नियम मोडला. संगणकात अक्षर नसतंच, असतो तो आकडा. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. हे ठरवणं म्हणजेच प्रमाण. भारतीय लिपींसाठी हे काम १९७० च्या दशकात सुरू झालं. आयआयटी कानपूरमधल्या संशोधनातून 'जिस्ट' हे तंत्र पुढे आलं, त्यात मोहन तांबे यांचं नाव महत्त्वाचं आहे. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झालं आणि ते काम तिथं वाढलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं 'इस्की' नावाचं प्रमाण, आयएस १३१९४, प्रसिद्ध केलं. त्यात आपल्या अर्ध्या रची सोय होती. नुक्ता असलेला 'ऱ' हा वेगळा वर्ण घ्यायचा आणि त्याला हलन्त जोडायचा, की आडवी रेघ तयार. इन्स्क्रिप्ट कळफलकावर आजही शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबलं की हाच ऱ उमटतो.

त्याच १९९१ साली अमेरिकेत युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सगळ्या लिपींना एकाच यादीत क्रमांक देण्याचा तो प्रयत्न. देवनागरीची मांडणी त्यांनी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. इथवर सगळं सरळ होतं. पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत या अर्ध्या रसाठी वेगळी वाट सांगितली गेली. साधा र, त्याला हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. या चिन्हाला रुंदी नाही, ते छापलं जात नाही, त्याचं काम शेजारच्या अक्षराला 'असा जोड' एवढंच सांगण्याचं. नंतरच्या आवृत्त्यांनी इस्कीची रीत मान्य केली, आणि आधीचं लेखन बाद होऊ नये म्हणून दुसरी रीतही चालू ठेवली.

परिणाम काय झाला ते पाहा. 'कोऱ्हाळे' हे नाव आज तीन तऱ्हांनी लिहिता येतं आणि तिन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. पहिली तऱ्हा नुक्त्याचा ऱ एकसंध घेऊन. हिच्यात आठ घटक आहेत : क, ओकाराची मात्रा, ऱ, हलन्त, ह, काना, ळ, एकाराची मात्रा. दुसरी तऱ्हा साधा र आणि सुटा नुक्ता घेऊन, नऊ घटकांची. तिसरी साधा र, हलन्त आणि ते अदृश्य जोडचिन्ह घेऊन, तीही नऊ घटकांची. पहिल्या दोन तऱ्हा एकच आहेत असं युनिकोडनं जाहीर केलेलं आहे, त्यामुळे नीट लिहिलेली प्रणाली त्यांचं एकीकरण करते. तिसरी मात्र वेगळीच राहते, ती या एकीकरणात येत नाही.

म्हणजे समजा, एखाद्या याद्यांच्या संकेतस्थळावर गावाचं नाव तिसऱ्या तऱ्हेनं भरलेलं आहे. गावातला विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पहिल्या तऱ्हेनं नाव टाकून शोधतो. यंत्र सांगतं, असं गाव नाही. विद्यार्थी पडद्याकडे बघतो, नाव तर बरोबर आहे. पुन्हा टाकतो, पुन्हा तेच उत्तर. त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. खरं तर त्याचं काही चुकलेलं नाही आणि यादी भरणाऱ्याचंही नाही. चूक आहे ती दोन्हींना एक मानण्याची तजवीज न करणाऱ्या प्रणालीची.

आणखी एक प्रकार होतो. काही प्रणाली 'न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा' असं समजून ती गाळून टाकतात. तिसऱ्या तऱ्हेतलं जोडचिन्ह गाळलं की उरतं 'कोर्हाळे'. रेघेचा रफार झाला. गंमत अशी, की या चुकीच्या नावातही आठच घटक आहेत, बरोबर नावाइतकेच. लांबी मोजून तपासणाऱ्याला दोष सापडणार नाही. आणि त्याच न्यायानं आचाऱ्यांचे आचार्य होतात ते वेगळंच.

आता वेबच्या इतिहासाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. मराठी मंडळींनी उशीर केला नाही. पण तेव्हाच्या संगणकांना युनिकोडची देवनागरी दाखवता येत नव्हती, म्हणून एक युक्ती निघाली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले फॉन्ट वापरायचे. प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. फॉन्ट असला तर मराठी दिसे, नसला तर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिवडा. वाचकानं फॉन्ट उतरवून घ्यावा अशी सूचना पहिल्या पानावर लिहिलेली असे. पुढे पानासोबत फॉन्ट पाठवण्याची सोय आली, पण नेटस्केपची रीत एक आणि इंटरनेट एक्सप्लोररची दुसरी. त्यामुळे एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी बांधावं लागे.

या युक्तीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिच्यामुळे परदेशात बसलेल्या मराठी माणसाला सकाळचं वर्तमानपत्र वाचता आलं. पण तिची किंमतही लक्षात घ्यायला हवी. ते लेखन डोळ्यासाठी मराठी होतं, यंत्रासाठी नव्हतं. शोधयंत्राला त्यात मराठी शब्द सापडत नव्हते. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला तर चिवडा होई. फॉन्ट बनवणाऱ्यानं फॉन्ट बंद केला, की मागचं सगळं लेखन वाचनाबाहेर जाण्याची भीती. मोडी लिपी वाचणारे कमी झाले तेव्हा रुमालच्या रुमाल मुके झाले, पण त्याला कित्येक दशकं लागली. इथं तेच काही वर्षांत घडू शकत होतं.

विंडोज २००० पासून देवनागरी प्रणालीतच आली, सोबत 'मंगल' हा फॉन्ट. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो युनिकोडमध्येच. २००९ चा नोव्हेंबर महिना आपल्या दृष्टीनं विशेष आहे. त्या महिन्यात केंद्र शासनानं ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून जाहीर केलं. त्याच महिन्यात, ६ तारखेला, महाराष्ट्र शासनानं मराठी वर्णमाला आणि लिपी प्रमाणित करणारा निर्णय काढला. पाकळीयुक्त ल, देठयुक्त श आणि 'ॲ' हे त्यातलेच. हा 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र वर्ण म्हणून आला तो २००८ मध्ये. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत होते. आजही 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो आणि शोधताना कोऱ्हाळ्यासारखाच घोळ घालतो.

तोवर वेबच्या जगातही प्रमाणांचं युद्ध होऊन गेलं होतं. वेबचं पान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. उघडलेली खूण बंद करायची, एकात एक नीट बसवायची, असे तिचे नियम. १९९४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी ही संस्था हे नियम सांभाळण्यासाठी निघाली. पण दोन मोठे ब्राउझर आपापल्या खुणा काढत सुटले. शिवाय ते चुका सांभाळून घेत, आणि दोघांचं सांभाळून घेणं वेगवेगळं होतं. तक्त्याची खूण बंद करायची राहिली तर इंटरनेट एक्सप्लोरर तक्ता दाखवी, जुन्या नेटस्केपमध्ये तक्ताच दिसत नसे. बांधणारा एका ब्राउझरमध्ये बघून म्हणे, 'माझ्याकडे तर नीट दिसतंय!' हे वाक्य या क्षेत्रात आजही रोज बोललं जातं.

इथं एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. इंटरनेटच्या आरंभीच्या शिल्पकारांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये एक सूत्र दिलं होतं. स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना उदार राहा, असा त्याचा आशय. सूत्र उदात्त आहे. पण घेणारा उदार आहे हे कळल्यावर पाठवणारा ढिला पडतो, आणि मग औदार्य हेच चुकांचं आश्रयस्थान होतं. ब्राउझरांच्या बाबतीत हेच झालं.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेलाय. पतंजलीनं महाभाष्याच्या आरंभी 'गौः' या शब्दाची चर्चा केली. एकाच साधु शब्दाची लोकांत अनेक बिघडलेली रूपं फिरतात, गावी, गोणी, गोता वगैरे, हे त्यानं नोंदवलं. मग प्रश्न असा : बिघडलेल्या रूपानंही गाय कळतेच, तर व्याकरण कशाला? पतंजली हे नाकारत नाही, की अर्थ दोन्हींनी कळतो. त्याचं म्हणणं असं, की अर्थ कळूनही कोणतं रूप वापरावं याचा नियम असतो आणि तो नियम पाळणं हे एक कर्तव्य आहे. त्याच्यासाठी ते धर्माचं कर्तव्य होतं. आपण ते एकमेकांप्रती असलेलं कर्तव्य म्हणू. कारण माणसाला 'गोणी'वरून गाय कळते, पण यंत्राला, आणि आपल्यानंतर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला, ती कळेलच असं नाही.

वेबनं या प्रश्नाचं उत्तर २०१४ साली पूर्ण झालेल्या एचटीएमएल-५ मध्ये दिलं. आम्हाला ते उत्तर तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनंही समाधानकारक वाटतं. लिहिणाऱ्यासाठी नियम काटेकोर ठेवले. पण वाचणाऱ्या यंत्रासाठी, लेखन चुकलं तर ते नेमकं कसं समजून घ्यायचं, हेही पायरी-पायरीनं लिहून ठेवलं. म्हणजे औदार्य ठेवलं, पण सगळ्यांचं औदार्य एकसारखं केलं. चुकलेलं पानही सगळ्या ब्राउझरांत सारखंच दिसावं, अशी व्यवस्था झाली.

हाच न्याय कोऱ्हाळ्याला लावता येतो. नाव साठवताना एकच रूप ठेवावं, नुक्त्याच्या एकसंध ऱचं. शोधताना तिन्ही रूपं एक मानावीत. आणि अदृश्य जोडचिन्ह नुसतं गाळू नये, त्याच्या जागी योग्य रूप बसवावं. आधी बदल, मग सफाई. हा क्रम उलटला की गावाचं नाव बिघडलंच.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, शासनानं प्रत्येक गावाला संकेतांक दिलाच आहे, आकड्यानं काम भागेल. यंत्रा-यंत्रांमध्ये भागतं, आणि तो उपाय चांगलाही आहे. पण माणूस आपलं गाव आकड्यानं शोधत नाही. ज्या व्यवस्थेत आपलं नाव टाकून आपण सापडत नाही, तिथं आपण आहोत की नाही अशी शंका यायला लागते. नाव बरोबर लिहिलं जाणं हा सन्मानाचा भाग आहे, तो तंत्रज्ञांवर सोडून देण्यासारखा नाही.

आता दुरुस्तीच्या शिस्तीबद्दल थोडं, कारण आपल्यात संकेतस्थळं सांभाळणारी तरुण मंडळी आहेत. मराठी पान बिघडलं तर आधी बिघाड कसा दिसतो ते पाहावं. वैद्य आधी नाडी बघतो तसं. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर फॉन्ट नाही, मजकूर सुखरूप आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यामागे चलनाची चिन्हं असा चिवडा पुन्हा पुन्हा दिसला, तर मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या संकेतानं वाचला जातोय. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असतो आणि पहिली बाइट सगळ्यांची सारखी असते, म्हणून तो ए पुन्हा पुन्हा येतो. पानाच्या माथ्यावर संकेत जाहीर करावा, सर्व्हर वेगळं काही सांगत नाही ना ते पाहावं. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं, तर बाइट मध्येच तुटल्यात किंवा दुसऱ्याच संकेतातल्या आहेत. आणि नुसती साधी प्रश्नचिन्हं दिसली, तर मात्र चिंता करावी. साठवतानाच मजकूर गेला असण्याची शक्यता आहे, तो जुन्या प्रतीतूनच आणावा लागेल. अक्षरं नीट दिसतात पण शोधात सापडत नाहीत, असं असेल तर घटक मोजावेत. तिथं तुम्हाला आपला अर्धा र भेटेल.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल लिहून ठेवावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर तपासावा. पान प्रमाणात बसतं का ते तपासणारी साधनं डब्ल्यूथ्रीसीनं फुकट ठेवलेली आहेत. पानाची भाषा मराठी आहे हे खुणेत स्पष्ट लिहावं. ते लिहिलं, तर काही फॉन्ट आपोआप मराठी वळणाचा ल आणि श देतात, आणि दृष्टिहीन वाचकाचं वाचनयंत्र मराठीला हिंदी समजून वाचत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या ग्रामपंचायतीची, शाळेची, सोसायटीची जी काही पानं असतील, त्यांवर आज घरी गेल्यावर 'कोऱ्हाळे' हा शब्द टाकून शोधून पाहा. कळफलकावरून एकदा, आणि फोनवरून एकदा. दोन्ही वेळा सारखंच उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर कुणाला दोष न देता नोंद करा, काय टाकलं, काय दिसलं, कुठल्या यंत्रावर, आणि जो ते पान सांभाळतो त्याला ती नोंद द्या. बहुतेक वेळा दुरुस्ती तासाभराची असते. राहून जाते ती कुणी सांगत नाही म्हणून.